तेवीस वाव दोर

यंदाच्या अंकासाठी 'अपुरे राहिलेले प्रवास' हा विषय संपादकांनी कळविला, तेव्हा प्रथम आठवण झाली ती वरसईच्या विष्णुभट गोडसे भटजींची. बायजाबाई शिंद्यांच्या यज्ञात दक्षिणा मिळेल, घरचे कर्ज फिटेल, एवढ्या माफक आशेने उत्तरेकडे निघालेला हा भिक्षुक १८५७ च्या बंडात सापडला, आणि त्याचा मूळ बेत मोडला म्हणूनच मराठीला 'माझा प्रवास' हा ग्रंथ लाभला. आमच्या मोडलेल्या बेतातून असे काही निपजण्याची मुळीच आशा नव्हती. संपादकांचे पत्र येईपर्यंत तो बेत, निदान माझ्यापुरता, एका भंगारात गेलेल्या मोटारीबरोबरच मिटला होता. पत्रामुळे तो पुन्हा उकलावा लागला. नुसत्या आठवणींवर भागेना म्हणून श्रावणात एसटीने पुन्हा त्या घाटात जाऊन यावे लागले. जे पाहिले ते पुढे लिहितो.

बेत आणि बेताची वही

आम्ही चौघे एका वर्गातले. चौघेही साठी ओलांडलेले. एक पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले अभियंता, एक वकील, एक डॉक्टर, आणि चौथा मी. अभियंत्यांची स्वतःची मोटार होती आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे स्वतःची वही होती, जिच्यात त्यांनी हरिहरेश्वरापासून रेडीच्या गणपतीपर्यंतचा सारा किनारा, प्रत्येक खाडी, प्रत्येक जेट्टी आणि प्रत्येक फेरीबोटीची वेळ अशी काही आखली होती की जणू कालव्याचे आवर्तन सोडावयाचे आहे. बागमांडल्याला मोटार बोटीवर चढवून वेश्वीला उतरायचे, दाभोळहून धोपाव्याला, तवसाळहून जयगडला, आणि जेथे पूल झाले असतील तेथे थोडे हळहळत पुलावरून जायचे. पुण्याहून खाली उतरण्याचे मार्ग पुष्कळ. तरी आम्ही वाई, पाचगणी, महाबळेश्वर करीत आंबेनळी घाटाने पोलादपूरला उतरावयाचे ठरविले. त्याला कारण सावित्री नदी होती. महाबळेश्वरी उगम पावणारी सावित्री पश्चिमेला उतरते, पोलादपूर आणि महाड करीत बाणकोटच्या खाडीतून समुद्राला मिळते. आणि बागमांडल्याची आमची पहिली बोट नेमकी त्याच खाडीत सुटणार होती. सकाळी नदीचा उगम पाहावा आणि संध्याकाळी तिच्या मुखावरून तरून जावे, ही कल्पना वकीलसाहेबांची. ती आम्हा सर्वांना इतकी पसंत पडली की घाटात भाद्रपदात धुके असते याचा विचार करण्याचे कुणाच्या मनातही आले नाही.

रडतोंडीच्या शेजारी

आंबेनळी घाटाचे जुने सरकारी नाव फिट्झजेराल्ड घाट. मुंबई इलाख्याच्या गव्हर्नरावरून पडलेले. महाबळेश्वर ते पोलादपूर हे अंतर सुमारे चाळीस किलोमीटरांचे. त्याच्या अलीकडच्या टप्प्यात प्रतापगडाचा फाटा आणि वाडा-कुंभरोशी गाव लागते, पलीकडे सातारा जिल्ह्याची हद्द संपून रायगड जिल्हा सुरू होतो. याच मुलखात रडतोंडीचा घाट नावाची एक जुनी वाट पार गावाकडे उतरते. १६५९ साली अफझलखानाचे सैन्य हत्ती, तोफा आणि बाजारबुणग्यांसह तिथून खाली आले असे सांगतात, आणि जड सामानसुमानाने चालणाऱ्याला ती वाट रडविते म्हणून तिचे नाव तसे पडले, असेही सांगतात. नावाची ही व्युत्पत्ती खरी असो वा नसो, डोंगर उतरणे हे डोंगर चढण्यापेक्षा कठीण, हे त्या नावात ज्या कुणी नोंदवून ठेवले त्याला प्रवासातले कळत होते.

मोटारीच्या बाबतीत तर हे अक्षरशः खरे आहे. चढावर मोटारीचे ओझे इंजिनावर असते. उतारावर ते ब्रेकवर येते, आणि ब्रेक म्हणजे शेवटी घर्षणाने उष्णता निर्माण करण्याचे यंत्र. सलग पाऊण तास पाय ब्रेकवर राहिला की चकत्या तापतात, तापलेल्या ब्रेकची पकड हळूहळू ढिली होते, आणि पायाखालची पट्टी नेहमीपेक्षा खोल जाऊ लागते. म्हणून घाटातले जुने ड्रायव्हर सांगतात की ज्या गिअरमध्ये घाट चढाल त्याच गिअरमध्ये उतरा: इंजिनालाच ओढून धरू द्या, ब्रेक वळणापुरता राखून ठेवा, आणि पेट्रोल वाचविण्यासाठी गाडी न्यूट्रल करण्याची काटकसर तर चुकूनही करू नका. आमचे अभियंता धरणाच्या दारांवरचा पाण्याचा दाब तोंडी सांगू शकतील. तिसऱ्या गिअरवरून दुसऱ्यावर येण्यात मात्र त्यांना कमीपणा वाटत असावा. वाडा-कुंभरोशीला चहा आणि भाजलेले कणीस घेऊन आम्ही निघालो तेव्हाच चाकांपाशी जळक्या रबरासारखा एक उग्र दर्प येत होता. डॉक्टर म्हणाले, "कणसाचा असेल." आम्ही सर्वांनी ते मान्य केले.

त्यानंतरच्या तीन-चार वळणांनंतर धुके उतरले. धुके येते म्हणण्यापेक्षा रस्ता जातो, असेच म्हणायला हवे. पुढच्या काचेपलीकडे दहा-बारा हातांवर पांढरी भिंत, आणि त्या भिंतीतून एकाएकी एसटीचे दोन पिवळे दिवे. घाटात चढणाऱ्या वाहनाला वाट द्यावी असा नियम आहे, आणि तो पाळण्यासाठीच आमच्या सारथ्यांनी गाडी डावीकडे, दरीच्या अंगाला घेतली. डांबराच्या कडेला चार महिन्यांच्या पावसाने शेवाळ धरले होते. ब्रेकची पट्टी खोल गेली, चाके फिरण्याऐवजी घसरली, एक बुटका दगडी कठडा आडवा आला, त्याचे दोन दगड निखळले, आणि मोटार पोटावर टेकून थांबली. ते दोन दगड खाली आपटत गेल्याचा आवाज काही वेळ येत राहिला, मग येईनासा झाला.

मागच्यांनी मागेच बसा

पुढचे डावे चाक अधांतरी होते. मी पुढे डावीकडे बसलो होतो, म्हणजे त्या चाकाच्या अगदी वर. पायाखालच्या पत्र्याचा थरार तळव्यांना कळत होता. मागे वकीलसाहेबांनी पट्टा बांधला होता, डॉक्टरांनी बांधला नव्हता. सप्टेंबर २०२२ मध्ये पालघरजवळ सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांच्या मोटारीला अपघात झाला आणि मागच्या आसनावरही पट्टा हवा याची देशभर चर्चा झाली, तेव्हा हेच डॉक्टर आपल्या रुग्णांना त्यावर तळमळीने सांगत असत. ते पुढच्या आसनावर खांद्याने आदळले आणि त्यांच्या गळ्याखालचे हाड मोडले. त्यांनी स्वतःच हाताने चाचपून, विव्हळत, अगदी बिनचूक निदान केले.

एसटी थांबली. तिच्या वाहकाने उतरून प्रथम आमच्याकडे पाहिले नाही. रानातल्या दोन-तीन फांद्या मोडून त्याने वळणाच्या अलीकडे आणि पलीकडे रस्त्यात आडव्या टाकल्या. घाटात ओल्या फांद्या रस्त्यात पडलेल्या दिसल्या की पुढे काहीतरी घडले आहे हे प्रत्येक ड्रायव्हर जाणतो. तांबडा त्रिकोण गाडीच्या डिकीत कपड्यांखाली दडलेला असतो, फांदी कुठेही मिळते. त्या दोन मिनिटांच्या कामामुळे मागून धुक्यातून येणाऱ्या वाहनाने आम्हाला ढकलून दिले नाही, हे मला पुष्कळ नंतर उमगले.

मग धुक्यातूनच माणसे आली. वरच्या अंगाला कुठेतरी वाडी असावी. आठ-दहा पोरे आणि त्यांच्या पुढे डोक्याला टॉवेल गुंडाळलेला, पन्नाशीचा, काटक बांध्याचा एक इसम. मी दार उघडू लागताच तो ओरडला, "बाबा, हात काढा! कुनी हलू नका. मागच्यांनी मागंच बसा." आणि मग जे झाले ते एखाद्या तालमीतल्या सरावासारखे, गडबडीशिवाय झाले. मागच्या चाकांना दगड लावले गेले. मागच्या बाजूला दोन पोरे आपल्या साऱ्या भारानिशी डिकीवर लोंबकळली. त्या इसमाने खांद्यावरचे वेटोळे उतरविले, दोराचे एक टोक गाडीखाली सरपटत जाऊन मागच्या धुऱ्याला बांधले आणि दुसरे रस्त्यापलीकडच्या एका जांभळीच्या बुंध्याला तीन वेढे देऊन ताणले. गाठ मारण्याआधी त्याने बुंध्यावरची ओली साल चाकूने खरवडून काढली, कारण ओल्या सालीवर नायलॉनचा दोर सरकतो. एवढ्या घाईत, चार माणसांचे जीव टांगलेले असताना, त्याला साल खरवडण्याइतकी सवड होती, ही गोष्ट मला अजून विसरता येत नाही.

आधी उजव्या दाराने सारथी उतरले, त्यांच्या आसनावरून सरकत मी. मागच्या दोघांची पाळी शेवटी, कारण गाडीचा तोल त्यांच्या वजनावर होता. वकील सडपातळ; डॉक्टर चांगले नव्वद किलोंचे. मोडलेले हाड हाताने आवरीत ते सुमारे वीस मिनिटे त्या मागच्या आसनावर ताठ बसून राहिले. वर जाणाऱ्या एका पिकअपने थांबून साखळी लावली, गाडी वीतभर मागे ओढली गेली, तेव्हा कुठे त्यांना उतरविता आले. ज्या वजनाबद्दल आम्ही त्यांची तीस वर्षे थट्टा केली त्यानेच आम्हाला तोलून धरले, असे ते हल्ली प्रत्येक लग्नसमारंभात सांगतात, आणि आम्हाला मान डोलवावी लागते.

मजकूर वाहन

पोरांपैकी एकाने १०८ क्रमांक फिरविला होता. त्यासाठी त्याला मोबाइलला रेंज मिळावी म्हणून दोन वळणे वर पळत जावे लागले. महाराष्ट्रात ही सेवा २०१४ च्या आरंभी ९३७ रुग्णवाहिकांनिशी सुरू झाली, आणि तिचे वैशिष्ट्य असे की गाडीत डॉक्टर असतो. झोळीत हात बांधून घेताना आमच्या डॉक्टरांनी त्या गाडीतल्या तरुण डॉक्टरशी वैद्यकीय परिभाषेत वाद घातला आणि ते हरले. मग प्रश्न निघाला, वर न्यायचे की खाली? शहरात रुग्णालय जवळचे असते किंवा लांबचे असते. घाटात ते वर असते किंवा खाली असते, आणि वाट धुक्याची की दरडीची, रस्ता चढाचा की उताराचा, यावरून ते ठरते. बाकीचे वर गेले.

मी मागे थांबलो, कारण पंचनाम्याला कुणीतरी हवे होते. पंचनामा हा मराठी गद्याचा एक उपेक्षित पण अत्यंत निश्चयी प्रकार आहे. हवालदार आले, प्रथम सर्वांना चहा मिळाला की नाही याची चौकशी केली, मग कठड्याच्या एका शाबूत दगडावर फळी ठेवून लिहू लागले: मजकूर वाहन रस्त्याच्या डाव्या बाजूस, तोंड पश्चिमेस, पुढील डावे चाक जमिनीपासून अधांतरी, पूर्वेस डोंगर, पश्चिमेस दरी. चतुःसीमा लिहिल्याशिवाय आपल्याकडे अपघातालाही जागा मिळत नाही. कुठल्या किलोमीटरच्या दगडापाशी घडले यावरून जिल्हा ठरतो, आणि जिल्ह्यावरून ठाणे. पूर्वी हद्दीच्या अशा जागी माणसाला एका ठाण्यातून दुसऱ्या ठाण्यात जाण्याची वेळ येई. आता नव्या नागरिक सुरक्षा संहितेने हद्दीबाहेरचीही फिर्याद नोंदवून घेण्याची तरतूद कायद्यातच केली आहे. आमच्या बाबतीत तो प्रश्न आला नाही, कारण हद्दीचा दगड अजून पुढे होता. वकीलसाहेब असते तर त्यांना वाईट वाटले असते.

त्यांना दुसरी एक गोष्ट मात्र पुरली. निष्काळजीपणे वाहन हाकून डॉक्टरांना दुखापत केल्याबद्दल अभियंत्यांवर नोंद झाली. म्हणजे पूर्वीच्या दंडसंहितेतील २७९ व ३३८, आताच्या न्याय संहितेतील २८१ व १२५. फिर्यादी मित्र, आरोपी मित्र, जखमी मित्र, आणि वकीलही मित्र, अशी ही बहुधा एकमेव केस असावी, असे वकीलसाहेब म्हणतात.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालाप्रमाणे २०२२ साली देशात ४,६१,३१२ रस्ते-अपघात झाले आणि त्यांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. पैकी १५,२२४ महाराष्ट्रातली. हे आकडे मी पूर्वीही वाचले असतील. पण त्यांतला प्रत्येक आकडा म्हणजे कुणीतरी दगडावर फळी ठेवून, पेनाची शाई फुटू नये म्हणून छत्री धरवून, चतुःसीमेसह लिहिलेला एक कागद आहे, हे तेथे बसल्यावर कळले.

पंच म्हणून सही करायला त्या टॉवेलवाल्या इसमाला हवालदारांनी बोलाविले, तेव्हा तो प्रथमच बिचकला. मोटार दरीत लोंबकळत असताना तिच्याखाली सरपटत गेलेला हा माणूस कागदाला भ्याला. "कोर्टात येरझाऱ्या नको साहेब," एवढेच म्हणाला. ही भीती निराधार नाही. तिने आजवर रस्त्यावर कितीतरी जीव घेतले असतील. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१६ मध्ये अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्याला संरक्षण देणारी मार्गदर्शक तत्त्वे बंधनकारक केली, २०१९ साली मोटार वाहन कायद्यात १३४-अ हे कलमच घालण्यात आले, आणि त्याप्रमाणे मदत करणाऱ्याला नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही. हवालदारांना हे ठाऊक होते. त्यांनी आग्रह धरला नाही. एसटीच्या वाहकाची आणि पिकअपवाल्याची सही घेतली. म्हणून ज्याने आम्हाला वाचविले त्याचे नाव पंचनाम्यात नाही. या लेखातही नाही.

दाभिळ टोक

हे सारे लिहीत असताना एका गोष्टीची मला सतत लाज वाटत आली आहे, ती अशी की आमचा अपघात हा हसून सांगण्यासारखा ठरला. त्याच घाटात, खाली पोलादपूरच्या बाजूला दाभिळ टोकापाशी, २८ जुलै २०१८ रोजी दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठातील कर्मचाऱ्यांची बस दरीत कोसळली. शनिवार होता, वर्षासहलीला महाबळेश्वरकडे निघालेली ही मंडळी, म्हणजे आमच्यासारखीच. आम्ही उतरत होतो, ती चढत होती. बसमधील एक वगळता कुणीही वाचले नाही. तो एक माणूस झाडाझुडपांना धरीत रस्त्यापर्यंत वर चढून आला आणि त्याने दूरध्वनी केला, तेव्हा जगाला ते कळले. नाहीतर धुक्याने आणि पावसाने झाकलेल्या त्या दरीत ती बस किती वेळ तशीच राहिली असती, याची कल्पना करवत नाही.

त्यानंतर दुसऱ्या दिवसापर्यंत चाललेले काम प्रामुख्याने गिर्यारोहकांनी केले. महाबळेश्वर, पोलादपूर, महाड आणि आसपासच्या गावांतली, एरवी रविवारी गडकिल्ले चढणारी ही मुले दोर लावून निसरड्या कड्यावरून खाली उतरली आणि एकेक देह वर आणीत राहिली. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलही आले. हे काम कसे चालते हे मी नंतर अशा पथकांत वावरलेल्यांकडून समजून घेतले. दरीत उतरणे हा त्यातला सोपा भाग. कठीण असते ते वर आणणे: स्ट्रेचरला दोर एक नसतो, दोन असतात, आणि दोन्ही वेगवेगळ्या आधारांना बांधलेले, म्हणजे एक आधार निखळला तरी दुसरा धरील, ओढणाऱ्या वीस-पंचवीस जणांना खालचे काहीच दिसत नाही, म्हणून हुकूम एकानेच द्यायचा आणि बाकीच्यांनी, वर कुणी कितीही मोठा अधिकारी उभा असला तरी, त्या एकाचेच ऐकायचे, दोर दगडाच्या धारेवर घासू नये म्हणून खाली गोणपाट घालायचा. लोणावळ्याला, खोपोलीला, महाबळेश्वरला अशी पथके वर्षानुवर्षे विनामोबदला राबत आली आहेत. फोन येतो तेव्हा त्यांतला कुणी दुकानात असतो, कुणी नोकरीवर, कुणी जेवणाच्या ताटावर. सह्याद्रीतल्या रस्त्यांचे खरे विमाकर्ते हेच, असे माझे मत आहे. त्यांचे हप्ते कोण भरतो, हे सांगण्याची गरज नाही.

सावित्री खोऱ्याला ही पाळी नवीन नाही. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री, महाडजवळचा १९२८ सालचा दगडी पूल पुरात वाहून गेला आणि दोन एसटी गाड्या त्याबरोबर गेल्या. त्या शोधण्यासाठी क्रेनला तीनशे किलोंचे लोहचुंबक टांगून नदीत सोडावे लागले होते. जुलै २०२१ मध्ये महाबळेश्वरात एका दिवसात सुमारे ५९४ मिलिमीटर पाऊस झाला, आणि आमचा हाच घाटरस्ता जागोजाग तुटून वाहून गेला. वकीलसाहेबांच्या काव्यमय कल्पनेत ही नदी आमची वाटाडी होती. तिच्या काठची माणसे तिच्याकडे तशी पाहत नाहीत.

भंगाराचा भाव

मोटारीचे पुढे काय झाले ते थोडक्यात सांगतो, कारण त्यात रस असा फारसा नाही. क्रेनने ती खालच्या एका गॅरेजात नेली. वरवर पाहता तिला काही झाले नव्हते, एक पोचा आणि एक दिवा. पण ती पोटावर आदळली होती. चासी वाकली होती आणि इंजिनाखालचे तेलाचे भांडे फुटले होते. विमा कंपनीचा सर्व्हेअर आला. त्याने काचेवर बोट फिरवावे तसे साऱ्या गाडीवरून नजर फिरवून सांगितले की दुरुस्तीचा खर्च गाडीच्या विमा-किमतीच्या पंचाहत्तर टक्क्यांवर जातो, तेव्हा ही गाडी कंपनीच्या हिशेबी संपूर्ण नुकसानीत गेली. रबराच्या आणि प्लॅस्टिकच्या भागांची घसारा-वजावट किती, सक्तीचा स्वहिस्सा किती, हे त्याने समजावले. अभियंत्यांनी तेही वहीत लिहून घेतले. मग त्यांनी गाडीच्या हातमोजे ठेवण्याच्या खणातून बोटीच्या वेळांची पाने काढून घेतली, दार लावले, आणि सवयीने कुलूप लागले की नाही ते ओढून पाहिले.

मे २०२५ पासून अपघातग्रस्ताला सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे उपचार रोख पैसे न भरता देण्याची केंद्राची योजना लागू झाली आहे. आमच्या डॉक्टरांच्या हाडाला तिचा उपयोग झाला नाही, ते आधीच जुळले होते. जरा वाकडे जुळले आहे.

श्रावणातला फेरा

पंचनाम्याच्या दिवशी एक गोष्ट माझ्या लक्षात राहून गेली होती. पिकअपने गाडी मागे ओढली तेव्हा दोर कठड्याच्या दगडावर घासला गेला आणि मध्यावर त्याचे धागे फुलारले. त्या इसमाने तो उलगडून पाहिला, फुललेली जागा अंगठ्याने दाबली, आणि काही न बोलता वेटोळे करून खांद्यावर टाकला. पैसे देऊ केले तर त्याने हात मागे घेतला. म्हणून यंदा जाताना पुण्याच्या रविवार पेठेतून चाळीस मीटर नायलॉनचा दोर घेतला, दुकानदाराने विचारले, "कशासाठी? विहिरीला की ट्रकला?" मला उत्तर देता आले नाही.

वाडा-कुंभरोशीच्या पुढे एसटीच्या वाहकाने वळणावर उतरवून दिले. धुके होतेच. कठड्याचे दोन दगड नवे दिसत होते. बाकीच्यांवर शेवाळ, त्या दोहोंवर नाही. जांभळीच्या बुंध्यावर खरवडलेली जागा भरून आली होती, पण हात फिरवला तर लागत होती. वाडी शोधायला फारसे कष्ट पडले नाहीत. तो गोठ्यात होता. मला ओळखायला त्याला थोडा वेळ लागला. चष्मा काढल्यावर ओळखले, कारण त्या दिवशी माझा चष्मा गाडीत पडला होता.

"ते जाड डॉक्टर बरे हायत का?"

बरे आहेत म्हणालो. घरात दोर का ठेवता, असे मी विचारले. हा प्रश्न त्याला चमत्कारिक वाटला असावा. गवताचे भारे उतरवायला लागतो, चुकलेले जनावर ओढायला लागतो, आणि कधी कुणाची गाडी. "घाटाला राहायचं तर दोर लागतोच," तो म्हणाला, जसे कुणी पावसाळ्यात छत्री लागतेच म्हणावे.

मी पिशवीतून दोर काढून दिला. त्याने तो घेतला, पण आभार मानण्याऐवजी प्रथम टोक उलगडून पीळ पाहिला, नखाने खरडले, दोन्ही हातांत धरून झटका दिला. "हा गुळगुळीत हाय. ओल्यात सरकंल. झाडाची साल जास्त काढावी लागंल." मग अंगणात उभे राहून, हात पसरून, एकेक वाव मोजू लागला. दारातल्या म्हाताऱ्या आईने आत चहा टाकला. पोरे भोवती जमली आणि त्याच्याबरोबर मोजू लागली. तेवीस वाव झाले आणि वर एक हात उरला. आधीचा वीसच होता, तो म्हणाला. त्याने नवा दोर खुंटीवर जुन्याच्या शेजारी अडकविला, जुन्याची फुललेली जागा मला दाखविली, आणि विचारले, "मंग तुमचं ते रेडी झालं का न्हाई?"

नाही म्हणालो. खाली पोलादपूरची एसटी तीनला होती. चहा घेऊन आम्ही रस्त्याकडे उतरलो तेव्हा पावणेतीन झाले होते, आणि वळणावर धुक्यात काही दिसत नव्हते. गाडीचा आवाज मात्र वरून येत होता, आणि तिचा ड्रायव्हर दुसऱ्या गिअरमध्ये उतरत होता.